नमुना दाखवू नका, हाताची युक्ती दाखवा: मुलांसोबत घरच्या घरी चित्रकला

प्रश्न असा आहे: "मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. सुट्टीत दोघंही घरी असतात. हस्तकलेचे तयार संच आणले, व्हिडिओ लावून दिले, पण दहा मिनिटांत कंटाळतात. मुलगी दिसेल तो कागद गिरगटून ठेवते. मुलगा 'मला जमत नाही' म्हणतो आणि कागद चुरगळून टाकतो. आम्हा दोघांनाही चित्रकला येत नाही. घरातल्याच वस्तूंतून करता येतील असे सोपे उपक्रम सुचवाल का?"

मी २२ वर्षं ३ ते १२ वयाच्या मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते आहे आणि दर सुट्टीत हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत माझ्याकडे येतो. उपक्रम सांगतेच, पण आधी तुमच्या शेवटच्या तक्रारीबद्दल. तुम्हाला चित्रं काढता येत नाहीत याने काहीही अडत नाही. ज्या घरात आई किंवा बाबा सुंदर चित्र काढतात, तिथे मूल "तूच काढून दे ना हत्ती" म्हणून मागे लागतं. हत्ती काढून मिळाला की त्याचा त्यातला रस संपतो. तुमच्या घरी ही अडचण नाही, ही चांगली गोष्ट समजा.

तयार संचांचं कुठे बिनसतं, तर खोक्याच्या झाकणावरच्या फोटोत. मूल खोकं उघडायच्या आधीच शेवट बघून बसलेलं असतं. आता त्याच्या हातून जे होईल ते फोटोपेक्षा डावंच असणार, हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं. सुरुवातीच्या वर्षांत मीही वर्गात नमुना टांगत असे. एकदा कागदी घुबड ठेवलं होतं. सगळी मुलं खाली मान घालून कापत, चिकटवत होती, एक मुलगी मात्र घुबडाचं धड चिकटवून हातावर हात ठेवून बसली होती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "मला पंख उघडे करायचे होते, पण तुमच्या घुबडाचे मिटलेले आहेत." माझ्या एका नमुन्याने तिचं उडणारं घुबड अडवून ठेवलं होतं. मी तो नमुना तिथल्या तिथे काढून ठेवला आणि त्यानंतर वर्गात कधी नमुना टांगला नाही.

म्हणून माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर: तयार वस्तू दाखवू नका, हाताची युक्ती दाखवा. मेणावर पाणी ठरत नाही, ही युक्ती. ओल्या रंगावर कागद दाबला की उलटं चित्र उमटतं, ही युक्ती. तुम्ही युक्ती अर्ध्या मिनिटात करून दाखवायची, तीही रद्दीच्या तुकड्यावर, आणि तो तुकडा बाजूला करून टाकायचा. त्या युक्तीतून मासा करायचा, वादळ करायचं की नुसताच पट्टा, हे मुलाने ठरवायचं.

गिरगटण्याची काळजी करू नका. रोडा केलॉग या अमेरिकी बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी सुमारे दहा लाख बालचित्रं जमवली आणि त्यांतून २० मूळ गिरगटी वेगळ्या काढल्या: ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, वळणावळणाची, गुंडाळी अशा. याच रेघा पुढे एकमेकींना मिळतात आणि गोल, फुली, सूर्य तयार होतात. तीन-साडेतीन वर्षांचं मूल डोक्यालाच हातपाय काढतं, पोट काढत नाही. ती चूक नाही, त्या वयाची माणूस काढायची रीतच ती आहे. तुमच्या मुलीचं गिरगटणं म्हणजे हाताचा रियाज आहे. तिला मोठा कागद द्या, शक्य असेल तर भिंतीवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. उभ्या कागदावर काम करताना खांदा आणि मनगट दोन्ही वापरात येतात. आणि खडू मोडून द्या. दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा मुठीत धरता येत नाही, तो आपोआप चिमटीत येतो. नवे लांब खडू जपून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मुलाचं दुखणं वेगळं आहे, त्याकडे नंतर येते.

मुलीसाठी पहिला उपक्रम म्हणून मी कागद फाडायला देईन. कात्री नको, डिंकही लगेच नको. जुनं वर्तमानपत्र घ्या आणि तिला एक पान उभं फाडायला सांगा, दुसरं आडवं. एका दिशेने लांबलचक सरळ पट्टी निघते. दुसऱ्या दिशेने कागद हट्ट करतो, वाकडा पळतो, मधेच तुटतो. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात, आणि त्या दिशेने तो निमूट फाटतो. मुलांना हे सांगायची गरज नसते, बोटांना दोन मिनिटांत कळतं. नंतर रंगीत छपाईचं मासिकाचं पान द्या. फाडल्यावर कडेला पांढरी झालर दिसते, आणि ओढायची दिशा बदलली की ती झालर या तुकड्यावरून त्या तुकड्यावर जाते. माझ्या वर्गातल्या एका पाच वर्षांच्या मुलाला ही पांढरी कड लाटेच्या फेसासारखी वाटली. त्याने पाऊण तास फक्त निळे कागद फाडून एकाखाली एक ओळी लावल्या. मी समुद्राचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

चिकटवायला खळ करा. एक भाग मैदा आणि चार ते पाच भाग पाणी. थोड्या थंड पाण्यात मैदा गुठळ्या न ठेवता कालवायचा, उरलेलं पाणी उकळायला ठेवायचं, त्यात तो ओतून ढवळत राहायचं. दोन-तीन मिनिटांत पांढरेपणा कमी होऊन तकाकी येते आणि खळ चमच्याला लपेटते. हे काम मोठ्यांचं. गार झाल्यावर मुलांच्या हाती जाडसर ब्रश द्या. खळ झाकून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्या.

आता माझा सगळ्यांत आवडता उपक्रम, दोन्ही मुलांना एकत्र बसवून करण्याजोगा. पांढऱ्या जाड कागदावर पांढऱ्या मेणखडूने चित्र काढायचं. काढताना काहीच दिसत नाही. मग त्यावर पातळ जलरंगाचा हात फिरवायचा. रंग कागदात शिरतो, मेणावरून घसरतो आणि रेघ उजळून वर येते. आठ वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीसाठी गुप्त निरोप लिहू शकतो आणि तिने रंग फिरवून तो शोधायचा. ज्याला "मला जमत नाही" ही भीती आहे त्याच्यासाठी हा उपक्रम विशेष चांगला, कारण रेघ दिसतच नाही, तर ती वाकडी आली म्हणून थांबणार कसं?

हा उपक्रम फसतो तो दोनच कारणांनी. एक, खडू हलक्या हाताने फिरवला जातो. मेणाचा थर कागदावर बसला पाहिजे, म्हणून दाबून काढायला सांगा. दुसरं, रंग दाट होतो. पोस्टर रंग डब्यातून थेट लावला तर तो मेणावरही बसतो आणि सगळं झाकून टाकतो. रंग इतका पातळ हवा की ब्रशच्या टोकावरून थेंब पडेल. कागदाचंही बघा. छपाईचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, म्हणजे त्याच्या एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम भरतं. पाणी लागलं की त्याचे तंतू फुगतात आणि तो पापुद्र्यासारखा वर येतो. २०० जीएसएम किंवा त्याहून जाड कागद घेतला आणि चारी कडा चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर बसवल्या तर तो ताठ राहतो. वाळल्यावर चिकटपट्टी हळूच काढली की चारी बाजूंनी स्वच्छ पांढरी चौकट मिळते, आणि त्या चौकटीने मुलांना स्वतःच्या चित्राबद्दल एकदम आदर वाटायला लागतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता चिकटपट्टी आणायला कधीच विसरत नाही.

पातळ कागद फेकू नका, तो पुढच्या कामाला लागतो. एखादं पान शिरा वर येतील असं, म्हणजे पालथं ठेवायचं. त्यावर पातळ कागद, आणि खडूचं वेष्टन काढून तो आडवा धरून हलकेच घासायचा. कागद जराही सरकता कामा नये, म्हणून एक कडा चिकटपट्टीने धरून ठेवा. पानाची मुख्य शीर आधी दिसते, मग उपशिरा, मग जाळी. एकदा हे जमलं की मुलांना घरभर सोडा: वेताची खुर्ची, चपलेचा तळवा, किल्ली, नाणं, पुठ्ठ्याची नळी, गालिच्याची कड. माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्ये फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या एका खानावळीत लाकडी फरशीच्या फळ्यांवर कागद ठेवून असंच घासलं. फळ्यांच्या रेषांत त्याला जंगलं आणि प्राणी दिसले, आणि त्यातून त्याची चित्रांची एक मालिकाच उभी राहिली. मोठ्या मुलाला ही गोष्ट जरूर सांगा. नुसतं घासून थांबायचं नाही, घासलेल्या कागदात काय दिसतंय ते शोधायचं आणि पेनाने दोन-चार रेघा जोडून ते बाहेर काढायचं. चपलेच्या तळव्यातून मगर निघते, माझ्याकडे अशा तीन मगरी आहेत.

रंग मिसळणं हा वेगळा तास ठेवा. त्या दिवशी चित्र काढायचंच नाही. पिवळा, निळा, लाल आणि पांढरा, एवढेच रंग द्या. बारा रंगांचा डबा दिला की मूल डब्यातला हिरवा उचलतं, स्वतःचा हिरवा कधी करत नाही. क्रम महत्त्वाचा आहे: आधी फिका रंग घ्यायचा, मग त्यात गडद रंग ब्रशच्या टोकावर येईल एवढाच टाकायचा. पिवळ्यात निळ्याचा ठिपका पुरतो. निळ्यात पिवळा ओतत राहिलात तर अर्धी बाटली संपते आणि हिरवा काही उजळत नाही. मुलाला सांगा, दहा वेगळे हिरवे कर, आणि प्रत्येकाला नाव दे. माझ्या वर्गात "तळ्यातला", "आजारी", "पाऊस पडल्यावरचा" अशी नावं निघाली होती.

जांभळ्याशी मात्र झटापट होते. लाल आणि निळा मिसळून पालक मला विचारतात, तपकिरी का झाला? बहुतेक लाल रंगांत पिवळ्याची झाक असते, त्यामुळे निळ्याशी गाठ पडली की नकळत तिन्ही मूळ रंग एकत्र येतात आणि गाळ होतो. लालऐवजी गडद गुलाबी, ज्याला मजेंटा म्हणतात, तो घ्या. छापखान्यातही लाल-निळा-पिवळा नसतात, निळसर सायन, मजेंटा आणि पिवळा असतात, ते याच कारणाने. आणि पाण्याचे दोन पेले ठेवा, एक ब्रश पहिल्यांदा खळबळायला, दुसरा स्वच्छ. दोन पेल्यांनी निम्मा गाळ टळतो. पेले बुडाशी जड असलेले घ्या. कोपर लागून पाणी सांडलं की चित्रापेक्षा रडणंच जास्त वेळ चालतं.

छाप घेण्याचा उपक्रम मोठ्या मुलासाठी. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत ट्रेवर पोस्टर रंगाचा पातळ थर पसरायचा. रंग ट्रेवर धरत नसेल, थेंबथेंब होऊन आकसत असेल, तर त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब मिसळा. मग बोटाने किंवा कापसाच्या काडीने रंग खरवडत चित्र काढायचं, वर कागद ठेवून तळहाताने सगळीकडे दाबायचं आणि एका कोपऱ्याने उचलायचं. रंग वाळायला लागतो, म्हणून हे सगळं चार-पाच मिनिटांत उरकायला हवं. या घाईचाच फायदा होतो, खोडत बसायला वेळच मिळत नाही. उरलेल्या रंगावर लगेच दुसरा कागद ठेवलात तर फिकट, धुक्यातली छाप येते. छाप काढणारे कलावंत तिला भूत म्हणतात आणि मुलांना बहुतेक वेळा मूळ छापीपेक्षा भूतच आवडतं. पहिल्या दिवशी मुलगा हमखास स्वतःचं नाव लिहील आणि ते उलटं उमटेल. तुम्ही आधी सांगू नका. त्याचं त्याला सापडू दे. मग तो आरशासमोर पळेल, अक्षरं उलटी लिहायची धडपड करेल, आणि तुमचा एक तास कुठे गेला ते कळणार नाही.

मिठाची कणीक हा लांबचा उपक्रम, दोन-तीन दिवस चालणारा. २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ आणि साधारण १ वाटी कोमट पाणी. पाणी एकदम ओतू नका, शेवटचं पाव वाटी बहुतेक वेळा लागतच नाही. पाच ते दहा मिनिटं मळायचं. हाताला चिकटायची थांबली, बोट दाबल्यावर खळगा तसाच राहिला, की झाली. मळणं हाच मुलीच्या दृष्टीने मोठा भाग आहे, त्यात घाई करू नका. दोन तुकडे जोडताना दोन्हीकडे काडीने ओरखडे काढायचे, पाण्याचं बोट फिरवायचं आणि दाबायचं. नुसतं दाबून चिकटवलेले कान वाळल्यावर गळून पडतात. वस्तू एक सेंटीमीटरपेक्षा जाड करू नका. बाहेरून वाळते, आतून ओली राहते आणि तडकते. हवेवर वाळवायला दोन-तीन दिवस, कधी जास्तही लागतात, मधूनमधून उलटत राहा. ओव्हनमध्ये ठेवायची असेल तर १०० ते १२० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास, त्याहून गरम नको. मीठ हवेतली ओल शोषतं, म्हणून दमट दिवसांत वाळलेली वस्तूही मऊ पडते. रंगवून वर वॉर्निशचे दोन हात दिले तर टिकते. एक सूचना गंभीरपणे सांगते: घरात कुत्रा असेल तर ही कणीक त्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका, ओलीही नाही आणि वाळलेलीही नाही. इतकं मीठ पोटात गेलं तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

काही छोट्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्या खरंच छोट्या आहेत. टिपकागदाच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या, पट्टीचं खालचं टोक पाण्याला लावा, ठिपका मात्र पाण्याच्या वर राहू द्या. पाणी चढत जातं आणि काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे रंग सुटे होतात, कारण प्रत्येक रंगद्रव्याचा वेग वेगळा. परमनंट मार्करने हे होत नाही, तो पाण्यात विरघळत नाही. उन्हात खेळणी उभी करून त्यांच्या सावल्या गिरवणं, आणि तासाने त्याच सावल्या पुन्हा वेगळ्या रंगाने गिरवणं, हेही सोपं. कागद दुमडून एका बाजूला रंगाचे थेंब टाकायचे, मिटून दाबायचं आणि उघडायचं, ते तर मुलं एकदा दाखवल्यावर स्वतःच करत बसतात.

आता मुलाचं "मला जमत नाही". व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. त्यात साधारण नवव्या वर्षापासून मुलाला चित्र खऱ्यासारखं हवंसं वाटू लागतं, असं त्याने नोंदवलं आहे. काही मुलांत हे आधीच सुरू होतं. डोळा पुढे गेलेला असतो, हात मागे राहिलेला असतो. मुलाला स्वतःच्या चित्रातली चूक दिसते, पण ती सुधारायची कशी ते कळत नाही. अशा वेळी "किती छान काढलंयस" म्हटलं तर त्याला वाटतं, यांना काही कळत नाही. कित्येक मुलं याच वयात चित्र काढणं सोडून देतात आणि आयुष्यभर "मला येत नाही" म्हणत राहतात. तुम्ही दोघांनी तुमच्याबद्दल तेच लिहिलं आहे, म्हणून तुमच्या मुलाकडे या सुट्टीत नीट लक्ष द्यावं असं मला फार वाटतं.

त्याच्यासाठी तीन गोष्टी करा. पहिली, खोडरबर उचलून ठेवा आणि पेन द्या. त्याचा स्वतःचा बूट टेबलावर ठेवा आणि सांगा, नजर बुटावरून हलवायची नाही, कागदाकडे बघायचंच नाही. डोळा मुंगीच्या वेगाने बुटाच्या कडेवरून चालेल, त्याच वेगाने पेन चालेल. पाच मिनिटं. चित्र वेडंवाकडं येणार, हे आधीच ठरलेलं आहे, त्यामुळे अपयशाचा प्रश्न उरत नाही. पण नीट बघा: लेसची गाठ, शिवणीचे टाके, घासलेली टाच या गोष्टी त्या वेड्यावाकड्या चित्रात येतात, आणि मनाने काढलेल्या बुटात त्या कधीच नसतात. तुम्हीही शेजारी बसून तुमच्या चपलेचं चित्र काढा. तुमची चप्पल त्याच्या बुटाइतकीच वाकडी येईल आणि त्याला ते बघून फार बरं वाटेल.

दुसरी गोष्ट, कात्री. आधी पेन्सिलीने काढून मग कापायचं नाही, थेट रंगीत कागदात कात्री चालवायची. आँरी मातिस या फ्रेंच चित्रकाराची १९४१ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर तो बराचसा अंथरुणाला आणि चाकाच्या खुर्चीला खिळला. त्याचे साहाय्यक कागद रंगवून देत आणि तो कात्रीने आकार कापत असे. १९५४ मध्ये तो गेला, तोपर्यंत हे काम चालू होतं. कापताना कात्री स्थिर ठेवायची आणि कागद फिरवायचा, एवढी एकच युक्ती मुलाला दाखवा. उरलेले बाहेरचे तुकडेही टाकू नका. पानाच्या आकारापेक्षा पान कापून राहिलेलं भोक अनेकदा जास्त सुंदर असतं.

तिसरी, चुरगळलेले कागद. तो चुरगळतोच आहे, तर ते कागद गोळा करा. कागद घट्ट चुरगळायचा, उलगडायचा, पुन्हा चुरगळायचा, हलक्या हाताने सपाट करायचा आणि वर पातळ गडद रंग फिरवायचा. घडीच्या रेषांत तंतू मोडलेले असतात, तिथे रंग जास्त शोषला जातो आणि सगळ्या कागदावर काळसर शिरांचं जाळं उमटतं. दगड, जुनी भिंत, हत्तीची कातडी, नदीचा नकाशा, जे दिसेल ते. पहिल्यांदा हा उपक्रम घेतला तेव्हा सतत चित्रं फाडणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याच्या फसलेल्या चित्रावरच मी त्याला हे करायला लावलं. जुनी रेघ त्या शिरांखाली गेली, पण पूर्ण पुसली गेली नाही, आणि तो कागद त्याने घडी न घालता, दोन्ही हातांवर आडवा धरून घरी नेला.

बोलताना काय बोलायचं, याबद्दल थोडं. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची, स्केचपेनने चित्र काढायला आवडणारी मुलं निवडली होती. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्र काढत होती. म्हणून "हे पूर्ण केलंस तर टीव्ही लावून देईन" असं म्हणू नका. चित्राची किंमत तुम्हीच टीव्हीच्या खाली लावता. "हे काय आहे?" असंही विचारू नका, त्यात ओळखू येत नाही अशी तक्रार ऐकू येते. जे दिसतं ते सांगा: "इथे तू खूप दाबून काढलंस, आणि इथे अगदी हलका हात आहे." किंवा नुसतं म्हणा, "याच्याबद्दल सांग ना मला." आणि चित्र चालू असताना तर काहीच बोलू नका. गुंगलेल्या मुलाला कौतुकानेही तंद्रीतून जागं करता येतं.

सामानाबद्दल काळजीचं एवढंच: तीन वर्षांखालचं भावंड घरात येत-जात असेल तर टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल अशी कुठलीही वस्तू टेबलावर नको. मणी, बटणं, खेळण्यांना चिकटवायचे डोळे, आणि विशेष करून बटणासारखे चपटे सेल. रंगाच्या डब्यावर "धुतला जाणारा" आणि "विषारी नाही" ही दोन वेगळी आश्वासनं असतात, दोन्ही वाचून घ्या. ॲक्रिलिक रंग ओला असताना पाण्याने जातो, कपड्यावर वाळला की जात नाही. टोकदार पात्याचं काम आणि गरम डिंकाची बंदूक तुमच्याच हातात राहू द्या.

पसाऱ्यासाठी जुनी चादर जमिनीवर अंथरा, टेबलावर नको, कारण मुलं जमिनीवर जास्त वेळ टिकतात. एका वेळी एकच युक्ती, तीन-चार वस्तू, आणि पुढे किमान पाऊण तास रिकामा. पहिली दहा मिनिटं दोघंही चुळबुळ करतील, "आता काय करू?" म्हणतील. तेव्हा उत्तर द्यायची घाई करू नका. संचांवर दहा मिनिटांत कंटाळणाऱ्या मुलांना आपण नेमके त्या दहाव्या मिनिटाला दुसरं काहीतरी देतो. या वेळी थांबून बघा. शेजारी बसा, हातात स्वतःचा कागद घ्या.

आणि जमलेल्या ढिगाचं काय करायचं, ते बहुतेक पालक नंतर विचारतात, म्हणून आत्ताच सांगते. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने तारीख घाला आणि मुलाने त्याबद्दल जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा, सुधारून नको. महिन्याच्या शेवटी दोघांना आपापली दहा निवडू द्या, ती एका सपाट खोक्यात जातील. तुम्हाला आवडलेलं चित्र त्यांनी निवडलं नाही तर हळूच मागून घ्या, पण त्यांच्या खोक्यात घालू नका, तुमच्या स्वतःच्या कपाटात ठेवा. उरलेले कागद मुलीला फाडायला लागतातच.